अप्रमाद आणि विद्यापीठाचे आवार

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू विहारात एकटाच पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतरांनीही त्याच्याकडे पाहिले नाही. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले आणि भिक्खूंना समजावले की, येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. वसतिगृहालाही हाच नियम लागू पडतो, असे आम्हास वाटते.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली, तर अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. तेथे खेड्यापाड्यांतून आलेली, घरातील पहिलीच शिकणारी अनेक मुले-मुली आहेत. संकटात त्यांच्यासाठी पहिली धाव शेजारच्या खोलीतूनच येणार.

संकट म्हणजे केवळ भूकंप नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची माणसे पहाटेच्या झोपेत गाडली गेली, हे खरे. पण वऱ्हाडाचा नेहमीचा शत्रू ऊन आहे. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेल्याने अकोल्यात कलम १४४ लावून दुपारचे शिकवणी वर्ग बंद ठेवावे लागले. शिवाय आग, विजेचा धक्का आणि सर्पदंश आहेतच.

२००५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना 'आव्हान' शिबिरांतून प्रशिक्षण मिळते. तरीही आवारात पुढील गोष्टी हव्यातच :

१) प्रत्येक मजल्यावर दोन जबाबदार विद्यार्थी व खोलीनिहाय यादी. बाहेर जमण्याची जागा ठरलेली असावी. तेथे हजेरी घ्यावी.

२) मागचे दार आतून किल्लीशिवाय उघडावे. चौकीदार जेवायला गेला आणि किल्ली त्याच्या खिशात, असे होऊ नये.

३) उष्माघात झालेल्यास सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, बेशुद्धाला पाणी पाजू नये. विजेचा धक्का बसल्यास आधी मेन स्विच बंद करावा. सर्पदंशात जखम कापू नये, आवळून बांधू नये, चालवू नये; तडक दवाखाना गाठावा.

४) १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक जिन्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहावेत.

५) सत्रातून एकदा सराव, तोही एखाद्या रात्री.

समिती कागदावर नेमणे सोपे असते. रात्री दोन वाजता कोण उठणार, हे ठरवणे महत्त्वाचे. धम्मात यालाच अप्रमाद म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात आपल्याच मजल्यापासून करा.

जयभीम!