घरचा संगणक आणि दूरच्या मैदानावरील खेळ

सांगलीनें क्रिकेटच्या खेळास दोन मोठीं नांवें दिलीं आहेत. पहिलें विजय हजारे यांचें. एका ख्रिस्ती शाळाशिक्षकाच्या घरीं १९१५ सालीं त्यांचा सांगलीस जन्म झाला. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदु संघाविरुद्ध खेळतांना 'शेष' संघाच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं ३०९ धांवा एकट्या हजाऱ्यांनीं काढल्या. त्यांचे बंधु विवेक दुसऱ्या टोकास पाय रोवून उभे राहिले. दोघांनीं मिळून ३०० धांवांची भर घातली, तींत विवेक यांच्या धांवा अवघ्या २१ होत्या! हा पराक्रम सांगलींत बसून पाहतां येण्याजोगा नव्हता. दुसऱ्या दिवशींचें वर्तमानपत्र आणि एखाद्या घरचा रेडिओ, एवढाच काय तो आधार.

दुसरें नांव स्मृति मानधना यांचें. त्यांचें बालपण सांगलीजवळील माधवनगरांत गेलें. ता. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या सामन्यांत सलामीस येऊन मानधना यांनीं ४५ धांवा केल्या. आणि हा सामना मात्र खिशांतील फोनवरसुद्धां, चालू असतांनाच, पाहतां येत होता.

परंतु खिशांतील फोनवर पाहणें म्हणजे एकट्यानें पाहणें. घरांत चार माणसें असलीं तर चार फोन चार कोपऱ्यांत चालतात, आणि ज्या आजोबांस खेळाची सर्वांत अधिक गोडी त्यांस धांवफलकाचे आंकडेच दिसत नाहींत. भिंतीवर मोठा टीव्ही असतो, पण तो 'स्मार्ट' नसल्यामुळें इंटरनेटवरील सामना त्याच्यावर उमटत नाहीं. टेबलावर मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप असतो. अशा वेळीं कित्येक पालक नवा टीव्ही घेण्याच्या विचारांत पडतात. वस्तुतः टीव्ही व लॅपटॉप या दोहोंस जोडणारी एक केबल पुरे. शिवाय क्रिकेटखेरीज इतर खेळांचे कित्येक सामने टीव्हीच्या नेहमींच्या वाहिन्यांवर सांपडतच नाहींत. साताऱ्याच्या अदिति स्वामी यांनीं ऑगस्ट २०२३ मध्यें, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षीं, बर्लिन येथें धनुर्विद्येचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. असले खेळ पाहावयाचे तर बहुधा इंटरनेटचाच मार्ग धरावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, मैदानावरील चित्र आपल्या पडद्यापर्यंत येतें तें एका सांखळीनें येतें. कॅमेरा, प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचे संगणक, इंटरनेटचें जाळें, घरांतील वायफायची पेटी, आपला संगणक, केबल, आणि शेवटीं टीव्ही. चित्र अडलें म्हणजे यांपैकीं कोणती कडी निखळली हें ओळखतां आलें पाहिजे. ज्यास तें येत नाहीं तो केबल बिघडली असतां वायफायवाल्यास बोल लावतो, आणि वायफाय मंद असतां नवी केबल विकत आणतो.

शेवटच्या कडीपासून आरंभ करूं, कारण ती आपल्या हातांतील आहे. हल्लींच्या टीव्हीस मागें किंवा कडेस एक चपटें, खालचे दोन कोपरे तासल्यासारखें तोंड असतें. त्यावर 'एचडीएमआय' असें लिहिलेलें असतें. तसेंच तोंड बहुतेक लॅपटॉपांस असतें. ही पद्धति २००२ च्या अखेरीस जाहीर झाली. तिचा मोठा गुण हा कीं चित्र व आवाज एकाच केबलींतून जातात. जुन्या संगणकांस तीन ओळींत पंधरा भोंकें असलेलें 'व्हीजीए' तोंड असतें. त्यांतून केवळ चित्र जातें, आवाजाची तार वेगळी लावावी लागते. आणि टीव्हीस तें तोंड नसेल तर मध्यें रूपांतर करणारी लहानशी डबी घ्यावी लागते. नव्या पातळ लॅपटॉपांस पुष्कळदां फक्त 'टाइप-सी' तोंड असतें. दिसावयास सर्व टाइप-सी सारखींच, परंतु प्रत्येकांतून चित्र जातेंच असें नाहीं. यास्तव अडॅप्टर घेण्यापूर्वीं लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये.

केबल जोडतांना दोन्ही यंत्रें बंद ठेवावींत हें बरें. नंतर टीव्ही लावून रिमोटवरील 'सोर्स' अथवा 'इनपुट' हें बटण दाबावें, आणि ज्या तोंडांत केबल घातली त्याचाच क्रमांक निवडावा. कितीतरी घरीं सर्व घोटाळा एवढ्याच ठिकाणीं असतो: केबल दुसऱ्या तोंडांत आणि टीव्ही पहिल्याची वाट पाहत बसलेला. विंडोज संगणकावर विंडोजची खूण असलेली कळ व 'पी' ही कळ एकदम दाबली म्हणजे चित्र दोन्ही पडद्यांवर हवें कीं केवळ टीव्हीवर, हें विचारलें जातें. चित्र आलें पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो असें झाल्यास पडद्याच्या कोपऱ्यांतील कर्ण्याच्या चित्रावर जाऊन ध्वनीसाठीं टीव्ही निवडावा. कधीं चित्राच्या कडा कापल्या जातात आणि खालची धांवसंख्या नेमकी दिसेनाशी होते. हा दोष टीव्हीचा. त्याच्या चित्रविषयक मांडणींत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नांवाची सोय असते, ती लावली कीं कडा परत येतात.

आतां गणिताकडे वळूं. 'फुल एचडी' चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके झाले. सेकंदास अशीं ५० चित्रें धरलीं तर १०,३६,८०,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात, म्हणजे सेकंदास सुमारें २४९ कोटि बिट! एचडीएमआय केबल हा लोंढा सहज वाहून नेते. परंतु इंटरनेटवरून सामना येतो तो सेकंदास साधारण ५० लक्ष बिटांनीं, म्हणजे ५ मेगाबिट वेगानें. एकाचें प्रमाण दुसऱ्याशीं सुमारें ५०० पट पडतें. हें ओझें एवढें हलकें कसें झालें?

याचें उत्तर असें कीं प्रत्येक चित्र संपूर्ण पाठविलें जात नाहीं. खेळपट्टी, हिरवळ, पंचाचा अंगरखा हीं या क्षणीं जेथें आहेत तेथेंच पुढच्या क्षणींही बहुतेक असतात. म्हणून जें बदललें अथवा सरकलें तेवढेंच कळविलें जातें, आणि डोळ्यास न जाणवणारे बारकावे गाळले जातात. चेंडू सीमारेषेकडे धांवतो व कॅमेरा त्याच्यामागें झर्रकन् वळतो, तेव्हां एकाएकीं सारेंच चित्र बदलतें आणि हिरवळीचे चौकोनी तुकडे पडल्यासारखे दिसतात. तें याच कारणानें. संक्षिप्त केलेलें हें चित्र पुनः उलगडण्याचें काम आपल्या संगणकास करावें लागतें. संगणक फार जुना असला तर इंटरनेट उत्तम असूनही चित्र अडखळतें, पंखा घोंघावूं लागतो व यंत्र तापतें. अशा वेळीं इतर खिडक्या बंद कराव्या, किंवा चित्राचा दर्जा एक पायरी उतरवावा. नवीन केबलीनें हा दोष जाणार नाहीं.

उलट पंखा शांत आहे, पण चित्र थांबून मध्यभागीं चक्र फिरत राहतें, तर दोष अलीकडच्या कडींत नसून जाळ्यांत किंवा वायफायमध्यें आहे. सामना अखंड धारेनें येत नसून कांहीं सेकंदांच्या तुकड्यांनीं येतो, आणि संगणक थोडे तुकडे पुढें जमवून ठेवतो. हा सांठा संपला कीं चक्र फिरूं लागतें. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती वायफायच्या लहरींस मोठा अडथळा करतात. वायफायच्या पेटीपासून संगणकापर्यंत साधी लॅनची केबल ओढली तर पुष्कळ वेळां रोग तत्काळ बरा होतो.

हे तुकडे बांधणें, पाठविणें व सांठविणें यांत वेळ जातो. त्यामुळें इंटरनेटवरील सामना प्रत्यक्षाहून पुष्कळदां अर्धा मिनिटभर मागें असतो, तर डिशवरील सामना त्याच्या पुढें असतो. शेजारच्या घरांत जल्लोष होतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धांवतच असतो! मुलें यावर फार चिडतात. पण हा बिघाड नव्हे, म्हणून त्यावर खर्च करूं नये. खिडकी लावून घ्यावी आणि फोनवर येणाऱ्या सूचना बंद ठेवाव्या.

आणखी एक प्रसंग पालकांस गोंधळांत पाडतो. संगणकाची सर्व अक्षरें टीव्हीवर दिसतात, परंतु सामना लावतांच तेवढा चौकोन काळा पडतो. आवाज मात्र कधीं कधीं येत राहतो. सामना दाखविण्याचे हक्क कंपन्यांनीं मोठें मोल देऊन घेतलेले असतात. म्हणून संगणक टीव्हीकडे चित्र गुप्तलिपींत पाठवितो, आणि मधलें प्रत्येक यंत्र ती लिपि जाणणारें असावें लागतें. जुनी डबी किंवा एका केबलीच्या दोन करणारा हलका जोड मध्यें असला कीं चित्र अडविलें जातें. तो जोड काढून सरळ एकच केबल लावावी. अशा वेळीं कोणी मित्र एखादें फुकट दाखविणारें चोरटें संकेतस्थळ सुचवितो. तेथें जाऊं नये. दहा आज्ञांपैकीं आठवी आज्ञा पडद्यावरील मालासही लागू आहेच. शिवाय अशा ठिकाणीं 'प्ले'चीं खोटीं बटणें असतात, त्यांवर बोट पडतांच संगणकांत भलतेंच कांहीं शिरतें, आणि ज्या संगणकावरून वडील बँकेचे व्यवहार करतात तोच हा संगणक असतो. त्याचप्रमाणें घरासाठीं घेतलेली वर्गणी घरापुरतीच असते. गल्लींत मोठा पडदा लावून किंवा शाळेच्या सभागृहांत सामना दाखवावयाचा झाल्यास हक्कदाराची परवानगी निराळी घ्यावी लागते.

राहिला खर्चाचा हिशेब, आणि तो पालकांनीं मुलांकडून करून घ्यावा असें वाटतें. वेग मोजतात बिटांत, डेटा मोजतात बाइटांत. ८ बिटांचा एक बाइट. सेकंदास ५ मेगाबिट म्हणजे तासास १८,००० मेगाबिट, त्यास ८ नें भागिलें तर २,२५० मेगाबाइट, अर्थात् सव्वादोन गिगाबाइट. घरीं फायबरची जोडणी असेल तर चिंता नाहीं. परंतु फोनच्या हॉटस्पॉटवर, दिवसाच्या २ गिगाबाइटांत, हा सामना ५३ मिनिटांत संपून जाईल. पन्नास षटकांचा साडेसात तासांचा खेळ संपूर्ण पाहण्यास जवळजवळ १७ गिगाबाइट लागतील. दर्जा उतरवून वेग १ मेगाबिटावर आणला तर तासास ४५० मेगाबाइट पुरतात, आणि साडेतीन तासांचा वीस षटकांचा सामना १,५७५ मेगाबाइटांत बसतो. चित्र जरा अस्पष्ट दिसेल खरें, पण आजोबांस चेंडू नाहीं तरी फलंदाज ओळखूं येईल, आणि शेवटचें षटक हुकणार नाहीं.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण स्वतः सोडवावें. एका घरच्या फोनवर दिवसाला दीड गिगाबाइट डेटा मिळतो, आणि त्यांतील ३०० मेगाबाइट सकाळच्या अभ्यासांतच खर्च झाले आहेत. सामना साडेतीन तासांचा आहे. तो अखेरपर्यंत पाहावयाचा तर संगणकावरील दर्जा सेकंदास जास्तींत जास्त किती मेगाबिट ठेवावा लागेल?