सर्वनामाचा धनी कोण?

अमरावतीच्या बसस्थानकावर ‘चांदूरची गाडी कोणती?’ असे विचारले, की उत्तराऐवजी उलट प्रश्नच येतो : ‘कोणतं चांदूर? रेल्वे का बाजार?’ एकाच जिल्ह्यात दोन चांदूर असल्यामुळे एकाला ‘रेल्वे’ आणि दुसऱ्याला ‘बाजार’ जोडल्याशिवाय भागत नाही. नाम स्पष्ट उच्चारूनही जेथे असा घोटाळा होतो, तेथे नाम न उच्चारता नुसते ‘तो’ किंवा ‘त्याचे’ म्हणणाऱ्याने किती जपले पाहिजे! सर्वनाम व त्याचे नाम यांच्या या नात्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः ही मराठीतील नऊ मूळ सर्वनामेही आपल्याला तोंडपाठ असतात. व्याख्या चुकीची नाही. पण ती अर्धीच गोष्ट सांगते. ‘झाड’ या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. ‘ते’ या शब्दाला तसा अर्थ नाही. तो उसना आणावा लागतो. ज्या नामाकडून तो आणावयाचा, त्याला या लेखापुरते आपण ‘मूळनाम’ म्हणू. मूळनाम सापडले तर सर्वनाम जिवंत. न सापडले तर ते बिनधन्याच्या गुरासारखे वाक्यात भटकत राहते.

मूळनाम शोधण्याची पहिली खूण म्हणजे लिंग व वचन. नऊ सर्वनामांपैकी तो, हा आणि जो ही तीनच लिंगाप्रमाणे बदलतात. ‘रमेशने वही शोधली, पण ती मिळाली नाही’ या वाक्यात ‘ती’ कोण हे सांगावे लागत नाही. परंतु ही खूण फार भरवशाची नाही. ‘ती’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनाचे (ती मुलगी) तसेच नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही (ती मुले) आहे. ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचनाचे (ते झाड) आणि पुल्लिंगी अनेकवचनाचेही (ते बैल) आहे. त्यात आदराची भर पडते. आजोबा एकटेच असले तरी ‘ते आले’. बाई एकट्याच असल्या तरी ‘त्या आल्या’. म्हणजे मराठीत सर्वनाम केवळ संख्या मोजत नाही, मानही मोजते.

आपल्या वऱ्हाडीत तर ‘तो’ चा ‘थो’ होतो, आणि ‘ती’ व ‘ते’ या दोहोंसाठी ‘थे’ ऐकू येते. तरी घोटाळा होत नाही. कारण ‘थे आली’, ‘थे आलं’, ‘थे आले’ असे म्हणताना सर्वनामाने टाकलेले काम क्रियापद उचलते. जी खूण एका शब्दातून पुसली जाते, ती भाषा दुसऱ्या शब्दात जपते, असे म्हणता येईल.

खरी अडचण दोन मूळनामे एकाच लिंगाची व वचनाची असतात तेव्हा येते. पुढील दोन वाक्ये पाहा :

(१) शिक्षकाने विद्यार्थ्याला आपल्या खोलीत बोलावले.
(२) शिक्षकाने विद्यार्थ्याला त्याच्या खोलीत बोलावले.

पहिल्या वाक्यात खोली शिक्षकाची, म्हणजे कर्त्याची. दुसऱ्यात ती विद्यार्थ्याची किंवा कोणा तिसऱ्याची. कर्त्याकडे वळते ते ‘आपला’, कर्त्याला सोडून इतरांकडे वळते ते ‘त्याचा’, असा हा सर्वसाधारण नियम आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द येतो. तिथे नसलेली सोय मराठीने आपल्याला दिली आहे. पण इंग्रजी वळणाचे मराठी लिहिता लिहिता आपण ती हरवीत चाललो आहोत.

या एका शब्दाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आजोबांनी दोन मुलांना शेत वाटून दिले. विहीर नेमकी धुऱ्याजवळ. वाटणीच्या कागदात लिहिले गेले : ‘थोरल्याने धाकट्यास त्याच्या विहिरीवर पंप बसवू द्यावा.’ आजोबा गेल्यावर वाद उभा राहिला. धाकटे म्हणजे माझे बाबा. ते म्हणत, ‘धाकट्यास त्याच्या विहिरीवर, म्हणजे विहीर माझी.’ मोठे बाबा म्हणत, ‘बसवू द्यायचं मी, म्हणजे विहीर माझी.’ दोन पोळे गेले. एका गोठ्यातले बैल वेगवेगळ्या वेळी तोरणाखाली उभे राहिले.

पुढे बी. ए. ला व्याकरण अभ्यासताना मी ते वाक्य वरच्या नियमाला लावून पाहिले. नियमाने बाबा बरोबर ठरत होते. विहीर थोरल्याचीच म्हणायची असती तर ‘आपल्या विहिरीवर’ असे हवे होते. मी मोठ्या उत्साहाने हे घरी सांगितले. तेव्हा आजी म्हणाली, ‘कागद कोनं लिवला थे मले मालूम नाही. तुया आज्यानं म्हटलं होतं, आपल्या हिरीवर लहान्याले पंप बसवू देजो.’

आता हे ‘आपल्या’ कोणाचे? थोरल्याला उद्देशून म्हटले असल्यामुळे ते ‘तुझ्या स्वतःच्या’ असे होऊ शकते. पण बोलणारा व ऐकणारा दोघांनाही पोटात घेणारे ‘आपण’ मराठीत आहेच. त्या अर्थाने ती ‘आपल्या सगळ्यांची’ विहीर होते. आजोबांच्या मनात हाच अर्थ असावा, असे आजीचे म्हणणे. लिहिणाऱ्याने ‘आपल्या’ चे ‘त्याच्या’ केले आणि सामायिक विहीर कागदावरून नाहीशी झाली. व्याकरणाने बाबा बरोबर होते, न्यायाने नव्हते. हे त्यांनाही पटले, आणि नव्या कागदावर ‘दोघा भावांची सामायिक विहीर’ असे शब्द आले. त्यात सर्वनाम एकही नाही.

‘आपण’ हा शब्द किती लांबवर हात पोचवतो, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून काशी वाली यांनी केला आहे. ‘सुधाला वाटते की, नंदाने स्वतःला दोष दिला’ या वाक्यात ‘स्वतः’ म्हणजे नंदाच. ते आपल्या उपवाक्याबाहेर जात नाही. ‘नंदाने आपल्याला दोष दिला’ असे केले, की ‘आपण’ उपवाक्याचे कुंपण ओलांडून सुधापर्यंत जाते. नोम चॉम्स्की यांनी १९८१ साली मांडलेल्या उपपत्तीत आत्मवाचक शब्दाचे मूळनाम जवळच्या मर्यादेत असावे अशी अट होती. ‘स्वतः’ ती पाळते, ‘आपण’ पाळत नाही. म्हणून जगातील भाषांची तुलना करणाऱ्यांना मराठीचा हा शब्द महत्त्वाचा वाटतो.

जुने दस्तलेखक मात्र हे सारे अनुभवाने जाणत होते. खरेदीखतात ‘तो’ आणि ‘त्याने’ टाळून ते ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे पुन्हा पुन्हा लिहीत. आपण त्या भाषेला कंटाळवाणी म्हणून हसतो; पण त्या कंटाळ्यानेच अनेकांचे धुरे शाबूत राहिले असतील.

याहून जुना धडा आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला मिळतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांच्या आठवणी एकत्र केल्या. त्यांतील चक्रधरांची वचने केसोबासांनी निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पण प्रसंगातून वेगळे काढलेले वचन कोणाला उद्देशून व कशाबद्दल होते, हे वाचणाऱ्याला कसे कळावे? म्हणून पंथात ‘प्रकरणवश’ तयार झाले. कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले हे त्यात सांगितले आहे. सर्वनामाला जसे मूळनाम, तसे वचनाला प्रकरण. ते तुटले तर शब्द शिल्लक राहतात आणि अर्थ पोरका होतो, हे या मंडळींनी शतकांपूर्वी ओळखले होते. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, ही आपणा सर्वांना आनंदाची गोष्ट आहे.

तात्पर्य एवढेच की, बोलणाऱ्याला आपला ‘तो’ कोण हे नेहमीच ठाऊक असते. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतेच असे नाही. समोरासमोर बोलताना हात, नजर आणि प्रसंग मदतीला येतात. कागदावर यांपैकी काहीच येत नाही. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक ‘तो’, ‘त्याचा’ आणि ‘आपला’ यांच्यावर बोट ठेवून ‘तुझा धनी कोण?’ असे विचारावे. एकच उत्तर आले तर पुढे जावे. दोन आली तर आळस न करता नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्तीने वाक्य थोडे जड होते खरे. पण माणसांच्या मनावर पडणारे ओझे त्याहून फार जड असते.