पाच या आकड्याचा पाठ



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एके काळी एक विशेष प्रकारची पोस्टकार्डे येत असत. त्यांत अमुक देवीचा महिमा असे आणि खाली ताकीद असे, की हे पत्र अकरा जणांना पाठवा, लाभ होईल. न पाठविल्यास हानी होईल. आमच्या पिढीतील पुष्कळांनी ती पाहिली आहेत, काहींनी भीतीपोटी लिहिलीही आहेत. परंतु अकरा पत्रे म्हणजे अकरा कार्डांचे पैसे, तोच मजकूर अकरा वेळा उतरविणे आणि दुखणारे मनगट. तिसऱ्या-चौथ्या कार्डाशी अनेकांचा उत्साह संपे. श्रद्धा कमी पडत नसे, हात थकत असे. अफवेला हा लगाम कोणी मुद्दाम घातलेला नव्हता.

मोबाईलवरील संदेशसेवांनी हा लगाम काढून घेतला. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली अमेरिकेत सुरू झाले, २०१४ साली फेसबुकने ते विकत घेतले, आणि स्वस्त इंटरनेट आल्यावर आपल्याकडे ते घराघरांत पोहोचले. त्यात आलेला संदेश पुढे पाठवायला ना पैसे लागत, ना अक्षर लिहावे लागे. चित्र किंवा चित्रफीत आली की तिच्या शेजारीच एक बाण असे; बोट टेकवले की काम झाले. पूर्ण पाहण्याचीही गरज नाही!

याचा परिणाम काय झाला, ते आपल्यापासून फार दूर नसलेल्या धुळे जिल्ह्यात दिसले. २०१८ च्या उन्हाळ्यात देशाच्या अनेक भागांत मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश फिरत होते. त्यांबरोबर फिरणारी एक चित्रफीत पुष्कळांना आठवत असेल: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा आपल्याच शेजारच्या गावातला म्हणून पुढे गेला.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा जुना रिवाज. मुले पळविणारे समजून जमावाने त्यांना धरले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून मारून त्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबावर जमाव चालून गेला. तेथे पोलीस पोहोचले म्हणून ते वाचले. मारणारे हात माणसांचेच होते, हे आम्ही विसरत नाही. फोनवर सगळा दोष टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. तरी एवढ्या गावांत एकाच वेळी एकच भीती पेरली गेली, ती त्या बाणाच्या मार्गाने.

सरकारने कंपनीला जाब विचारला. कंपनी काय करू शकत होती? २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कुलूपबंद असतात. पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. म्हणजे मजकूर पाहून खोटा संदेश अडविणे शक्य नव्हते. मग तिने चाल मंद केली. जुलै २०१८ मध्येच पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविता येईल असे ठरले. तो शेजारचा बाणही काढण्याचे जाहीर झाले. इतर देशांत तेव्हा वीसची मर्यादा होती. जानेवारी २०१९ मध्ये तेथेही पाच झाली.

वीस आणि पाच यांत अंतर किती, ते मुलांनी घातांकाच्या धड्यातून पाहावे. प्रत्येकाने वीस नव्या जणांना पाठविले तर पाचव्या फेरीत संदेश ३२ लाख जणांकडे जातो. पाचच जणांना पाठविले तर ३,१२५ जणांकडे. अर्थात त्या पाच ठिकाणी पाच गट असू शकतात, आणि तेव्हा एका गटात २५६ माणसे असत. म्हणून हा लगाम पक्का नव्हताच. तरीही या मर्यादेनंतर पुढे पाठविण्याचे प्रमाण जगभरात चतुर्थांशाने घटले, असे कंपनीनेच सांगितले. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे झाले. त्यानंतर असे संदेश सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झाले, हाही कंपनीचाच आकडा.

आता येथे जरा थांबून विचार करावा. या काळात लोक एकाएकी शहाणे झाले काय? तसे मानायला आम्ही तयार नाही. कोट्यवधी माणसे तीच होती. दूर देशातल्या एका कार्यालयात एक आकडा बदलला आणि त्यांचे वागणे बदलले. आपण समजतो, आम्ही आमच्या मर्जीने पाठवतो. मर्जी आपली खरी, पण ती किती पुढे धावणार हे फोनच्या रचनेत ठरते. २०१४ साली आलेल्या निळ्या खुणांनी उत्तर न देणे हे उद्धटपणाचे करून ठेवले; काकू-मावशींचे रुसवे त्यावरून झालेले आम्ही ऐकले आहेत. इन्स्टाग्रामवर तर कोणते चित्र आधी दिसावे याचा क्रम २०१६ पासून कंपनीची गणिते लावतात. पाचचा आकडा आपल्या हिताचा निघाला. परंतु तो ठरविताना आपल्याला कोणी विचारले नव्हते, आणि पुढचा ठरवतानाही विचारतील असे नाही.

आठवी-नववीच्या मुलांसाठी या महिन्याचा अभ्यास असा. घरच्या फोनवर आलेला, दुहेरी बाणाची खूण असलेला, म्हणजे पुष्कळ फिरलेला एक संदेश निवडावा. तो शाईने, वहीत, पाच वेळा उतरवून काढावा. प्रत्येक वेळी समासात लिहावे: यात गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव आहे काय? चित्र असेल तर त्याचा आधीचा आणि नंतरचा भाग कोठे आहे? पाचव्या वेळी तो कोणाला पाठवावासा वाटतो, आणि का? पालकांनीही एक पान लिहिले तर उत्तम. वह्या शनिवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. फोनवर पाठविलेली उत्तरे घेतली जाणार नाहीत.