वणव्याचा हंगाम व सरकारी पैशाचें वर्ष

शेतकऱ्यावर येणाऱ्या संकटांची गणना करूं लागलें म्हणजे अवर्षण, गारपीट, कीड व पडलेले भाव यांचीं नांवें आधीं येतात. वणव्याचें नांव क्वचित् येतें. याचें कारण असें कीं, वणवा डोंगरांत लागतो आणि आपलें शेत सपाटीवर असतें. डोंगर सरकारचा व शेत आपलें, अशी वांटणी आपण मनाशीं करून बसलों आहों. ही वांटणी चुकीची आहे हें दाखविणें, आणि वणवा लागण्यापूर्वीं जो सरकारी पैसा खर्च व्हावयास पाहिजे तो वेळेवर कां पोंचत नाहीं याचा विचार करणें, हा या लेखाचा हेतु आहे. आमचीं बरींच वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेल्यामुळें सरकारी पैशाच्या वाटा आम्हांस थोड्याबहुत ठाऊक आहेत.

१. डोंगर जळला म्हणजे शेताचें काय जातें

आपल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. तींतच गौताळा–औट्रमघाट अभयारण्य आहे. तें १९८६ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर असून तें आपला जिल्हा व जळगांव जिल्हा मिळून पसरलेलें आहे. हें रान पानगळीचें. माघ-फाल्गुनांत पानांचा थर जमिनीवर बसतो, गवत वाळतें, वारा सुटतो. अशा वेळीं विडीचें एक थोटूक पुरें होतें. आपल्या देशांतील शेंकडा ९५ च्या आसपास वणवे मनुष्याच्या हातून लागतात, असें सरकारी कागदांत नमूद आहे. कोणी बांध जाळतो, कोणी पऱ्हाट्यांचा ढीग पेटवून घरीं निघून जातो, कोणी नवें गवत लौकर फुटावें म्हणून गायरानास काडी लावतो.

गवत जाळल्यानें चांगलें फुटतें, हा समज फार जुना आहे. राखेवर पहिली पालवी हिरवीगार दिसते हें खरें. परंतु वरचेवर जळणाऱ्या रानांत गुरांच्या आवडीचें गवत मागें पडतें व कुसळी माजते, हें गुराख्यांस विचारावें. पानांचा थर गेला म्हणजे मृगाचा पहिला पाऊस उघड्या जमिनीवर आदळतो. मग पाणी मुरण्याऐवजीं माती घेऊन धांवतें आणि ती माती आपल्याच पाझर तलावांत व बंधाऱ्यांत येऊन बसते. तलावांत गाळ भरला म्हणजे खालच्या विहिरी आटतात. यास्तव फाल्गुनांत डोंगरावर लागलेल्या वणव्याची किंमत पुढील वर्षाच्या चैत्रांत विहिरीच्या तळाशीं मोजावी लागते. ती कोणत्याही पंचनाम्यांत येत नाहीं.

२. नेतृत्व कोणाचें

भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे. राखीव वनांत आग लावणें हा त्याच्या २६ व्या कलमाखालीं अपराध आहे. ७९ वें कलम आपण विशेष लक्षांत ठेवावें. वनांत ज्यास चराईचा किंवा अन्य हक्क वा परवाना आहे त्यानें, तसेंच लगतच्या गांवच्या सरकारी नोकरानें, वणव्याची खबर दिली पाहिजे व तो विझविण्यास मदत केली पाहिजे, असें तें सांगतें. वनांतील काम वनरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी व उपवनसंरक्षक यांच्याकडे आहे. आपत्ति म्हणून पाहिलें तर २००५ च्या कायद्यान्वयें जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख आहेत.

कागदावर नेतृत्व आहे. तें तुटतें कोठें हें सांगतों. आम्ही एका तहशिलींत असतां एका उन्हाळ्यांत कडब्याच्या गंज्या जळाल्याचा पंचनामा लिहावयास गेलों होतों. आग गायरानांतून निघून वनाच्या कोपऱ्यांतून पुढें शेतांत उतरली होती. तिन्ही जमिनी एकमेकींस लागून. परंतु कागद तीन झाले. प्रत्येक कागदांत आग पलीकडच्या हद्दींतून आली असें लिहिलें होतें, आणि आश्चर्य हें कीं, तिन्ही कागद आपापल्या परीनें खरे होते. शेतकऱ्यानें आम्हांस एवढेंच विचारलें, “रावसाहेब, आग लागण्याआधीं या तिन्ही हद्दी पाहणारा कोण होता?” त्याचें उत्तर आमच्या दप्तरांत नव्हतें.

३. पैसा कोठून येतो

वणवे टाळण्यासाठीं केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे. हिचें आजचें नांव २०१७ च्या सुमाराचें असून तत्पूर्वीं हें काम व्यापक वनव्यवस्थापनाच्या योजनेंत मोडत असे. आपल्यासारख्या राज्यांत केंद्रानें शेंकडा ६० व राज्यानें ४० असा खर्च वांटून घ्यावयाचा आहे. २०१९-२० च्या अंदाजपत्रकांत या योजनेस साऱ्या देशासाठीं सुमारें ५० कोटी रुपये होते. रक्कम ऐकण्यास मोठी वाटते. पण आपण शेतकरी आहों, एकरीं हिशेब करूं. २०२१ च्या अहवालाप्रमाणें देशाचें वनाच्छादन सुमारें ७ लक्ष १३ हजार चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला म्हणजे हेक्टरीं सात रुपये, अर्थात् एकरीं तीन रुपयांहून कमी पडतात. राज्याचा वांटा मिळविला तरी एकरीं पांच रुपये होत नाहींत. काडेपेटी आज दोन रुपयांस मिळते. रान पेटविण्याचें साधन आणि रान राखण्याची तरतूद यांच्या किंमतींत एवढेंच अंतर आहे.

दुसऱ्याही वाटा आहेत, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. वनजमीन अन्य कामास दिली म्हणजे जी भरपाई जमा होते, तिच्या निधीचा कायदा २०१६ चा आहे. त्यांतूनही या कामास पैसा देतां येतो. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं राज्यांच्या आपत्ति निधीचे दोन भाग केले: शेंकडा ८० आपत्तीनंतरच्या कामास व २० ती टाळण्याच्या कामास. २०२५ सालीं केंद्रानें १९ राज्यांतील १४४ जिल्ह्यांकरितां वणव्याचा धोका कमी करण्याची सुमारें ८१८ कोटींची योजना मंजूर केली. त्याच आयोगानें करांचा वांटा ठरवितांना वनांस शेंकडा १० वजन दिलें. म्हणजे रान राखल्याबद्दल राज्यास पैसा मिळतो. मात्र तो पैसा रानावरच खर्चिला पाहिजे असें बंधन नाहीं.

४. दोन वर्षांचा घोळ

आतां मुख्य मुद्दा. आपल्या राज्यांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. सरकारी पैशाचें वर्ष मात्र ३१ मार्चला संपतें. इंग्रज सरकारनें १८६७ पासून घातलेली ही रीत आजही चालू आहे. म्हणजे हंगामाचे १२१ दिवस धरले तर पहिले ४५ जुन्या वर्षांत आणि पुढचे ७६ नव्या वर्षांत पडतात. जुन्या वर्षाच्या अखेरीस उरलासुरला पैसा खर्चून हिशेब मिटविण्याची घाई असते. नव्या वर्षाच्या आरंभीं मंजुरी व वाटप यांची वाट पाहावी लागते. ऐन चैत्र-वैशाखांत, रान सर्वांत अधिक पेटतें तेव्हां, तिजोरीची कूस बदलत असते.

शिवाय खरें काम हंगामापूर्वींचें आहे. जाळरेषा म्हणजे गवताचा एक पट्टा कापून, तो देखरेखीखालीं जाळून, जमीन मोकळी करणें. पट्टा वाळलेला पण भोंवतालचें रान अजून ओलसर, अशा थंडीच्या दिवसांत हें काम करावें लागतें. फाल्गुनांत करूं गेलें तर जाळरेषेचाच वणवा होतो. हंगामी अग्निरक्षक नेमणें, पानें उडविण्याचीं यंत्रें दुरुस्त करणें, हेंही तेव्हांचेंच. जो पैसा दिवाळीनंतर पाहिजे तो मार्चांत आला, तर तें वरातीमागून घोडें झालें.

यांत एक नवल आहे. आपल्या जमीनमहसुलाचें वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. त्या वर्षांत वणव्याचा सारा हंगाम, पूर्वतयारीसह, अखंड मावतो. पीक पाहून आंखलेलें वर्ष रानासही शोभतें.

५. अमेरिकेनें शिकलेला धडा

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नव्हे. अमेरिकेंत १९१० च्या ऑगस्टांत आयडाहो व मोंटाना या प्रांतांत सुमारें ३० लक्ष एकर रान दोन दिवसांत जळालें व सुमारें ८५ माणसें दगावलीं. त्यांत बहुतेक आग विझविणारेच होते. दुसऱ्याच वर्षीं तेथें ‘वीक्स’ नांवाचा कायदा झाला. त्यांत मध्यवर्ती सरकारनें दोन लक्ष डॉलर बाजूस काढले व अट घातली कीं, ज्या प्रांतानें कायद्यानें रान राखण्याची व्यवस्था केली असेल त्यासच मदत मिळेल, आणि ती त्यानें स्वतः खर्चिलेल्या रकमेहून अधिक असणार नाहीं. आधीं आपला वांटा, मग सरकारचा.

पुढें त्याच देशानें चूकही केली. वन खात्याच्या खर्चांत आगीचा भाग १९९५ त शेंकडा १६ होता, तो २०१५ त अर्ध्याहून अधिक झाला. मोठी आग लागली कीं प्रतिबंधाच्या कामांचा पैसा विझविण्याकडे वळे. प्रतिबंध न झाल्यामुळें पुढची आग अधिक मोठी होई. शेवटीं २०१८ सालीं कायदा करून आग विझविण्याची वेगळी तरतूद करावी लागली. बियाण्याचें धान्य दळून खाल्लें तर पुढच्या वर्षीं काय पेरावें, हाच तो प्रश्न.

६. आपण काय मागावें व काय करावें

आमच्या मतें मागण्या तीन. पहिली, वणवा टाळण्याची रक्कम वेगळ्या सदरीं ठेवून ती कार्तिकअखेर तालुक्यापर्यंत पोंचावी, व ३१ मार्चला तिचा उरलेला भाग बुडूं नये. दुसरी, वन, गायरान व खासगी जमीन या तिहींच्या हद्दी हंगामापुरत्या एकाच अधिकाऱ्याच्या नजरेखालीं असाव्या, आणि संक्रांतीपूर्वीं त्यानें जाळरेषा पाहिल्याचा दाखला द्यावा. तिसरी, किती आलें, किती खर्चिलें, हें ग्रामसभेंत वाचून दाखवावें. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढें या मागण्या ठेवण्यास आपल्या संघाइतकी योग्य संस्था दुसरी नाहीं.

पण मागणाऱ्याचे हात आधीं राबलेले असावेत. गायरानाच्या कडेचा पट्टा गांवानें स्वतः श्रमानें मोकळा करावा. पऱ्हाट्या जाळण्याऐवजीं बारीक करून शेतांत गाडाव्या किंवा त्यांचें खत करावें. बांध जाळूंच नये. वन खात्याचा १९२६ हा दूरध्वनि क्रमांक घरोघर लिहून ठेवावा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनीं दिसलेल्या वणव्याच्या सूचना भ्रमणध्वनीवर देते. तिच्याकडे प्रत्येक गांवांतून एकदोन तरुणांनीं आपलें नांव नोंदवावें.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नास आम्ही तेव्हां उत्तर देऊं शकलों नाहीं. येत्या संक्रांतीपूर्वीं आपल्या गांवच्या तिन्ही हद्दी एकदां कोणीतरी चालून पाहिल्या, तर तें उत्तर निदान एका गांवापुरतें तरी मिळालें असें आम्ही समजूं.