बधिर हातापायांची निगा

कुष्ठरोगानें बोटें झडतात, असा समज घरोघरीं आहे. आम्हींही तो पुष्कळ वर्षें बाळगला होता. १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं रोग्यांचे हात बारकाईनें तपासले, तेव्हां निराळेंच दिसून आलें. या रोगांत मज्जातंतू निकामी होऊन हातपाय बधिर होतात. मग चुलीवरचें पातेलें फडक्यावांचून उचललें तरी चटका कळत नाहीं. रात्रीं उंदरानें बोट कुरतडलें तरी जाग येत नाहीं! बोटें जातात तीं बहुधा अशा जखमा चिघळून.

औषधानें रोग बरा होतो, परंतु गेलेली संवेदना बहुतेकांस परत मिळत नाहीं. म्हणून बऱ्या झालेल्या मनुष्यासही स्पर्शाचें काम जन्मभर डोळ्यांकडूनच करून घ्यावें लागतें. रोज पाय पाण्यांत भिजवून, तेल लावून तळवे न्याहाळावे; पाणी कढत नाहीं ना, हें मात्र दुसऱ्याच्या हातानें पाहावें. तळवे नीट दिसत नसल्यास घरांतील मुलानें पाहून सांगावें. वहाणा झटकून मगच घालाव्या. लहानसा फोड दिसला तरी त्या पायावर भार देऊं नये. दुखत नाहीं म्हणून मनुष्य चालत राहतो, आणि घात होतो तो तेथेंच. तळवे रोज न्याहाळण्याचें, वहाणा झटकण्याचें व फोड आलेल्या पायावर भार न देण्याचें हें पथ्य मधुमेहानें पाय बधिर झालेल्यांसही लागू आहे, आणि असे वडीलधारे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं आहेत.