चिखलोलीच्या बागेला परदेशातून पाणी: नव्याने आलेल्यांसाठी

चिखलोलीला मंजूर झालेल्या रेल्वे स्थानकाच्या भरवशावर घर घेतलं, आई-बाबा तिथेच राहतात, गच्चीवर किंवा अंगणात हौसेने केलेली बाग आहे. तिचं पाणी आणि घरातले दिवे इथून, अमेरिकेतून पाहता यावेत अशी व्यवस्था स्वतःच बसवायची, तर सुट्टीला जाताना बॅगेत काय न्यावं? अंबरनाथ-बदलापूरकडून नव्याने आलेली मंडळी हे हमखास विचारतात. इथे रुळलेल्या कुटुंबांचं उत्तर सहसा सारखंच असतं: पाणी, वीज आणि रेडिओलहरी यांच्याशी संबंध येणारं सामान तिकडेच घ्या.

अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, तिकडे २३०. इथल्या बागेच्या व्हॉल्व्हचा ट्रान्सफॉर्मर तिकडच्या सॉकेटवर जळून जाईल. नळाचे आटेही वेगळे, अमेरिकेत एनपीटी आणि भारतात बीएसपी. टेप गुंडाळून जोड बसला तरी गळतीची धास्ती कायम. झेड-वेव्ह हे बिनतारी तंत्र अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, युरोपात ८६८, भारतात ८६५. लोराचंही तसंच: अमेरिकेत ९१५, भारतात ८६५ ते ८६७. इथली अशी उपकरणं तिकडे लावू नयेत, परवानगीच्या पट्ट्याबाहेर ती बेकायदा ठरतात. झिग्बी आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मात्र दोन्हीकडे चालतं. म्हणून इथून न्यायचंच असेल तर छोटा संगणक आणि झिग्बीचा डोंगल न्या. ईएसपी३२ बोर्ड, रिले, सेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात.

खरी गोम पाण्याच्या दाबात आहे. इथे नळाला सतत भरपूर दाब असतो. तिकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं, टाकीत साठतं आणि उतारानेच बागेत जातं. दहा मीटर उंचीमागे जेमतेम १ बार दाब मिळतो. जिन्यावरच्या टाकीतून गच्चीतल्या कुंड्यांना अडीच-तीन मीटरच उंची मिळते, म्हणजे पाव बारच्या आसपास. बाजारातले बरेचसे सोलेनॉइड व्हॉल्व्ह दाबाच्याच जोरावर उघडझाप करतात, ते इतक्यावर नीट चालत नाहीत. त्यामुळे शून्य दाबावर चालणारा किंवा मोटरचा बॉल व्हॉल्व्ह घ्या, १२ व्होल्ट डीसीचा, आणि वीज गेल्यावर आपोआप बंद होणाराच. दाब सम राखणारे ड्रिपर गच्चीवर उपयोगाचे नाहीत; साधे, ताशी ४ लिटरचे बसवा आणि १६ मिलिमीटरची नळी फार लांब नेऊ नका. आधी जाळीचा फिल्टर हवाच, नाहीतर टाकीतला गाळ ड्रिपर बुजवतो. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपन्यांमुळे ठिबक महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. हे सामान शेतीच्या दुकानात सहज मिळतं आणि दुरुस्त करणाराही मिळतो.

टाकीत पातळीचा सेन्सर लावा. टाकी अर्ध्याखाली असेल तर बाग थांबेल, हा नियम सगळ्यात वरचा. घरच्यांच्या पिण्या-वापरण्याच्या पाण्यावर झाडांचा हक्क नंतर. ओलाव्याचा सेन्सर कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, उघड्या धातूच्या काड्यांचा मातीत लवकर गंजतो. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अंगणाचं पाणी बंदच ठेवा.

इथल्या लाकडी भिंतींतून वायफाय सहज आरपार जातं. तिकडच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून गच्चीवर पोहोचेलच असं नाही. गच्चीपर्यंत केबल ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट बसवा. सगळे नियम घरातल्याच संगणकावर चालू द्या. होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून याच कामासाठी आहे. इंटरनेट गेलं तरी झाडांना पाणी मिळालं पाहिजे. बाहेरून डोकावण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडू नका. बऱ्याच ग्राहकांना सामायिक आयपी मिळतो, त्यामुळे ते चालतही नाही. वायरगार्डवर आधारलेला व्हीपीएन बोगदा वापरा. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी, राउटरला छोटा यूपीएस, आणि घड्याळ भारतीय वेळेवर. इथला वेळबदल तिकडच्या वेळापत्रकात शिरला की पाणी भलत्याच वेळी सुटतं.

उपकरणांची पेटी पावसापासून बंदिस्त हवी, केबलची भोकंही नीट बुजवा. मुंग्या आणि पाली उबेला येतातच. २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक दिव्याचं बटण पूर्वीसारखंच चाललं पाहिजे आणि व्हॉल्व्हशेजारी हाताने फिरवायचा साधा कॉक असला पाहिजे, त्यावर मराठीत चिठ्ठी. सामान सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात बसवा आणि उरलेले दिवस सगळं आई-बाबांच्या हाती सोपवा. जे अडायचं ते तुम्ही तिथे असतानाच अडू द्या.