दुसऱ्याचा पेपर

मने,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला आणि छातीत धस्स झालं. तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर मला जरा बरं वाटलं असतं. अगदी कोरड्या आवाजात म्हणालीस, "ताई, मी सीए झाले ना? मग मला काहीच का वाटत नाहीये?" मी "थकलीयस, झोप आता" एवढंच बोलले. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून आज लिहायला बसलेय.

निकालाच्या दिवशीची तू अजून डोळ्यांसमोर आहेस. चौथ्या अटेम्प्टला दोन्ही ग्रुप निघाले. बाबांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून सगळ्यांना स्वतः जाऊन पेढे दिले, चौकात तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. आता तो फ्लेक्स उतरलाय. तू रोज ऑफिसला जातेस, संध्याकाळी खोलीवर येतेस आणि हाताशी काही नसतं. कारण सहा वर्षं ती वेळ फक्त अभ्यासाची होती.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तू कृतघ्न नाहीस. अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकलं. ऑलिंपिकमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्यानंतर आपल्याला मोठी पोकळी जाणवली, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलंय. वर्षानुवर्षं उठणं, जेवण, झोप सगळं एकाच गोष्टीभोवती बांधलेलं असतं. ती गोष्ट हाती आली की बांधलेला दिवसच सुटतो. तुझं तेच झालंय.

अमेरिकेतला एक जुना अभ्यास आहे, १९७८ चा. इलिनॉय राज्यातल्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांना गाठून त्यांच्या आनंदाबद्दल विचारलं होतं. माणसं थोडीच होती, पण निष्कर्ष माझ्या मनातून जात नाही. लॉटरी न लागलेल्या माणसांपेक्षा ते फारसे सुखी नव्हतेच. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता. एक मोठा दिवस येऊन गेला की साधे दिवस फिके पडतात. मला त्यात तू दिसतेस, आणि मी स्वतःही.

कारण हे माझंही झालंय. तुझ्या भावजींनाही मी तेव्हा बोलले नव्हते. शाखाधिकारी म्हणून माझी ऑर्डर आली ती शुक्रवारी. शनिवार-रविवार फोन, हार, सत्यनारायण. मंगळवारी संध्याकाळी कॅश टॅली झाली, स्ट्राँगरूमला कुलूप लावलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. अकरा वर्षं ज्या खुर्चीकडे बघत आले, तिच्यावर बसल्यावर समोर फक्त पुढची खुर्ची दिसत होती. मी काय केलं? पुढच्या प्रमोशनची पुस्तकं आणली. रिकामं वाटतंय म्हणून आणखी एक ध्येय. तीन वर्षं त्यात गेली आणि आतलं रिकामं तसंच राहिलं. परवा तू बोलता बोलता सीएफएचा फॉर्म भरते म्हणालीस ना, तिथेच मला हे आठवलं. मने, तो फॉर्म इतक्यात भरू नकोस.

मला वाट सापडली ती माझ्या हुशारीने नाही. शाखेतली एक सहकारी अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून द्यायचं काम करते. एकदा ऐनवेळी कुणी मिळेना. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही याल?" एमए इतिहासाचा पेपर होता. तेव्हा लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी लागायचं. मी बीकॉम, म्हणून चालले.

तीन तासांचा पेपर, तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे चार तास. मी प्रश्न वाचायचा, त्या विद्यार्थ्याने उत्तर सांगायचं, मी लिहायचं. आठवेनासं झालं की तो बाकावर बोटं फिरवायचा. अभ्यासाच्या त्याच्या नोट्स ब्रेलमधल्या. आठवणीतल्या पानावरची ओळ तो बोटांनी शोधत होता, हे मला जरा उशिराच कळलं. सत्यशोधक समाजाच्या उत्तरात त्याने स्थापनेचं साल १८७५ सांगितलं. माझा हात अडखळला. पण लेखनिकाने स्वतःचं ज्ञान घालायचं नसतं, तो सांगेल तेच लिहायचं. लिहिलं. तीन ओळी पुढे गेल्यावर तो एकदम थांबला. "मॅडम, वर १८७५ लिहिलंय ना? खोडा ते. ते आर्य समाजाचं झालं. १८७३ करा."

मने, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो माझ्या कुठल्याही निकालाला झाला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा पेपरला बसले होते, ज्याचे मार्क माझे नव्हते. बाहेर पडल्यावर माझं कोपर धरून तो बसस्टॉपपर्यंत आला आणि त्याने विचारलं, "तुमचं अक्षर बरं आहे ना?" चार तास लिहून हात भरून आला होता. त्या रात्री मी गाढ झोपले.

त्याला सात वर्षं झाली. दर सत्राला मी निदान एका पेपरला जाते. मधे एक प्रमोशन मिळालं, एक हुकलं. हुकलं तेव्हा वाईट वाटलंच, पण पूर्वीसारखी कोलमडले नाही.

यश वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या सहीला आज किंमत आहे, ती तू रात्री जागून मिळवलीयस, आणि बाबांचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरणार नाही. पण यशावर अख्ख्या आयुष्याचा भार टाकलास तर ते पेलणार नाही. आठवड्यातली एक तरी संध्याकाळ अशी ठेव, जिथे तुला कुणी मोजत नाही. माझ्यासारखं लेखनिकच हो असं नाही. तुझं तू शोध. सातवीपर्यंत तू पेटी शिकत होतीस, सीएच्या फाउंडेशनच्या कितीतरी आधी. परत वाजव. प्रवेशिका, मध्यमा असल्या परीक्षा द्यायच्या नाहीत. व्हिडिओ करून कुणाला पाठवायचे नाहीत. चुकत चुकत वाजव.

आणि तुझी ती अकरावीपासूनची मैत्रीण. परीक्षा आठ दिवसांवर होती म्हणून तू तिच्या लग्नाला गेली नव्हतीस. तिला आता मुलगी झालीय. बाळंतविडा घेऊन जा, आणि तिच्याजवळ बसून तिचं ऐक.

एक मात्र ताई म्हणून बजावते. झोप, भूक आणखी दोन आठवड्यांत ताळ्यावर आली नाही, किंवा मनात काही भलतंसलतं येऊ लागलं, तर वाट बघायची नाही. मला कधीही फोन कर, मध्यरात्रीसुद्धा. आपण डॉक्टरांकडे जाऊ. सरकारची टेलिमानसची हेल्पलाइनही आहे, १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. यात लाजायचं काही नाही.

आजोबांची पेटी मी काल माळ्यावरून उतरवली. भात्याला भोक पडलंय, दोन सूर वाजतच नाहीत. शनिवारी ये, दोघी मिळून दुरुस्तीला टाकून येऊ.

तुझी,
ताई